बंदासिंग बहादुर

(१६७०–९ जून १७१६). शीख सेनानी. मूळ नाव लछमनदेव. जन्म जम्मू भागातील राजौरी येथे. बैरागी होऊन माधोदास या नावाने तो नांदेड येथे गोदावरीकाठी मठ करून राहिला. तेथेच १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी त्यास अनुयायी करून पंजाबात धाडले. गुरुपुत्रांना ठार करविणारा सरहिंदचा फौजदार वझीरखान मे १७१० मध्ये चप्पडचिडीच्या लढाईत मारला गेला व सरहिंद बंदाच्या हाती आले. लोहगड ही राजधानी करून त्याने गुरूंच्या नावे नाणी पाडली. जमीनदारी मोडून कसणाऱ्यांना जमिनीची मालकी दिल्याने शेतकरी त्याच्या पाठीशी राहिले. गुरदास नंगलच्या सुमारे आठ महिन्यांच्या वेढ्यात अन्न संपून डिसेंबर १७१५ मध्ये तो पकडला गेला. फर्रुखसियर बादशाहाने दिल्लीत त्यास हालहाल करून मारविले. त्याचे राज्य अल्पजीवी ठरले; तथापि शिखांच्या पुढील राजसत्तेचा पाया त्यानेच घातला.