सही कोणाची, पाणी कोणाचं
लेखमाला : मतदानानंतर – भाग सहावा

मतमोजणी संपते आणि निवडणूक निर्णय अधिकारी विजयी उमेदवाराच्या हाती प्रमाणपत्र देतो, इथवर आपण गेल्या आठवड्यात आलो होतो. त्या कागदाने नेमकं काय बदलतं, हा आजचा विषय. दिल्ली-मुंबईची उदाहरणं सगळ्यांना ठाऊक आहेत, म्हणून आज अकोला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तेल्हाऱ्याला जाऊ.

सातपुड्याच्या पायथ्याशी, वारी भैरवगडला वान नदीवर धरण आहे. नाव हनुमान सागर, साठा सुमारे ८२ दशलक्ष घनमीटर. वान मेळघाटातून गोडं पाणी घेऊन येते. तेल्हाऱ्यातून जरा दक्षिणेला उतरलं की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. तिथे विहीर खणा की बोअर मारा, लागतं ते खारं पाणी. ते पिऊन मूत्रपिंडं निकामी झालेली माणसं या पट्ट्यातल्या कोणत्याही गावात भेटतील. म्हणूनच वानच्या पाण्यावर सगळ्यांचा डोळा. अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना यातूनच चालते, बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव आणि जळगाव जामोदकडेही यातलंच पाणी जातं. धरण मुळात सिंचनाचं. पिण्याचं आरक्षण वाढत गेलं की पाटाचं पाणी घटतं, ही तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याची भीती खरी आहे. आणि खारपाणपट्ट्यातल्या बाळापूरकडच्या बाईची घागरही तितकीच खरी आहे.

आता निकालाकडे येऊ. २४ ऑक्टोबर २०१९ रोजी विधानसभेची मतमोजणी झाली. तेल्हारा ज्यात येतं त्या अकोट मतदारसंघातून भाजपचे प्रकाश भारसाकळे निवडून आले, शेजारच्या बाळापुरातून शिवसेनेचे नितीन देशमुख. दोघेही एकाच युतीचे उमेदवार होते, दोघांनी एकाच बाजूने मतं मागितली होती. महिनाभरात ते सभागृहात समोरासमोरच्या बाकांवर बसले. त्या एकाच निकालातून नोव्हेंबरात आधी काही दिवसांचं फडणवीस-अजित पवार सरकार आलं, मग २८ तारखेला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, ३० जून २०२२ रोजी एकनाथ शिंदे झाले आणि जुलै २०२३ मध्ये अजित पवार त्यांच्या सोबत सत्तेत आले. मतदाराने बटण एकदाच दाबलं होतं.

ठाकरे सरकारच्या काळात वान धरणातून बाळापूर भागातल्या ६९ गावांसाठी पाणीपुरवठा योजना मंजूर झाली. तेल्हारा-अकोटकडून तिला विरोध झाला. २०२२ मध्ये सत्ता बदलली आणि योजनेला स्थगिती आली. एप्रिल २०२३ मध्ये नितीन देशमुख खाऱ्या पाण्याचे टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरला पायी निघाले. जलसंपदा खातं तेव्हा नागपूरच्याच फडणवीसांकडे होतं आणि ते अकोल्याचे पालकमंत्रीही होते. यात्रा नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी अडवली.

या प्रकरणात कोण बरोबर, कोण चूक, हे ठरवायला मी बसलेलो नाही. माझ्या मते दोन्हीकडची तहान न्याय्य आहे. पण लोकशाहीचा धडा म्हणून हे प्रकरण फार मोलाचं आहे. मधल्या काळात वान नदी तीच, धरण तेच, कालव्यावरचे कर्मचारी बहुतेक तेच, ६९ गावंही तीच. बदलली ती फाईलवर सही करणारी व्यक्ती. निवडणुकीचा निकाल, किंवा निकालाचं आमदारांनी नंतर केलेलं गणित, एवढंच ठरवतो की थांबवण्याचा आणि चालवण्याचा अधिकार पुढच्या काही वर्षांसाठी कोणाच्या हातात राहील. हे थोडं नाही. एका सहीने ६९ गावांचं पाणी अडू शकतं.

पारावर मात्र वेगळं ऐकू येतं. ‘कोणीबी निवडून येवो, आपल्याले तं पराटीतच जा लागते.’ पराटी म्हणजे कपाशी. या बोलण्यात वैताग आहे आणि बरंचसं सत्यही आहे. कापसाचा हमीभाव केंद्र सरकार ठरवतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं आणि सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे तेल्हाऱ्याच्या बाजारात कापूस यायच्या नेमक्या दिवसांत बाहेरचा कापूस शुल्काविना आला. अकोटमधून कोणीही आमदार निवडून आला असता, तरी हा निर्णय त्याच्या हातात नव्हता. जिल्हाधिकारी, तहसीलदार, गटविकास अधिकारी हेही निकालाने जात नाहीत. अमेरिकेत नवा अध्यक्ष आला की सुमारे चार हजार पदांवर तो आपली माणसं बसवतो. आपण इंग्रजांकडून कायम नोकरशाहीची पद्धत घेतली. त्यामुळे सरकार पडलं तरी सातबारा मिळायचा थांबत नाही.

मग नव्या सहीने न पुसलं जाणारं काय असतं? यासाठी रोजगार हमीची गोष्ट सांगायलाच हवी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने कामं काढली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना काही वर्षं शासनाच्या आदेशांवर चालली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी वसंतदादा पाटलांचं सरकार पडून शरद पवारांचं पुरोगामी लोकशाही दलाचं (पुलोद) सरकार आलं, आणि २६ जानेवारी १९७९ पासून त्याच सरकारने हा कायदा अमलात आणला. आधीच्यांची योजना म्हणून ती बासनात गेली नाही. ती मागणाऱ्या मजुराचा हक्क झाली होती, आणि तिच्यासाठी पगारदारांकडून व्यवसाय कर वसूल होत होता. याउलट जलसंधारणाचं जलयुक्त शिवार अभियान पाहा. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालं, ठाकरे सरकारने थांबवून चौकशी लावली, २०२२ नंतर दुसरा टप्पा म्हणून परत आलं. शासन निर्णयावर उभी असलेली गोष्ट शासन निर्णयाने जाते.

कायदाही बदलतोच, पण त्यासाठी विधिमंडळात सर्वांसमोर मतदान घ्यावं लागतं, आणि कोणी काय बोललं याची नोंद राहते. सरपंच थेट जनतेतून निवडायची तरतूद २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. म्हणजे मुंबईतल्या सत्तांतराने गावातल्या माणसाची मतपत्रिकाच बदलली. मला हे गंभीर वाटतं, कारण यात मतदाराला कोणी विचारलं नव्हतं.

निकाल न्यायालयातही बदलतो, आणि त्याचं उदाहरण शोधायला अकोल्याबाहेर जावं लागत नाही. अकोला जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी २०२० मध्ये झाली. ४ मार्च २०२१ रोजी विकास किशनराव गवळी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक संस्थांतलं एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या पुढे जाता कामा नये, आणि ओबीसी आरक्षणाला आधी मागासलेपणाचा अभ्यास हवा. ओबीसी जागांवर निवडून येऊन वर्षभर काम केलेल्या सदस्यांची पदं गेली. सहा जिल्ह्यांत जिल्हा परिषदेच्या ८५ जागांवर ५ ऑक्टोबर २०२१ रोजी पोटनिवडणूक झाली, त्यात अकोल्याच्या १४ होत्या.

त्याच वादाने पुढे राज्यातल्या नगरपालिका आणि महापालिका वर्षानुवर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. नगरपालिकांचं मतदान शेवटी डिसेंबर २०२५ मध्ये झालं आणि निकाल २१ तारखेला लागले. ज्यांना निकाल म्हणजे नुसता गुलाल वाटतो त्यांनी ही मधली वर्षं आठवावीत. नळाला पाणी आलं नाही तर मुख्याधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा, आणि तो दाबून ठेवला तर सभेत उभं राहून विचारणारा नगरसेवकच नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानालाही निवडून आलेली संस्था असण्याची अट होती. निकाल नसण्याची किंमत अशी रुपयांत मोजावी लागते.

आता पुन्हा वानकडे. महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, तेव्हा पिणं, शेती आणि उद्योग यांच्यात पाणी कसं वाटायचं हे ठरवण्याचा अधिकार प्राधिकरणाकडे दिला होता. पुढे आपल्याच वऱ्हाडात अप्पर वर्धा धरणाचं पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला देण्यावरून शेतकरी उभे राहिले, न्यायालयात गेले. २०११ मध्ये कायदा बदलून क्षेत्रनिहाय पाणीवाटपाचा अधिकार राज्य मंत्रिमंडळाकडे परत आणला गेला. म्हणजे जो प्रश्न नियमांवर आणि सुनावणीवर सोपवला होता, तो पुन्हा सहीवर आला. वानच्या पाण्याचा वाद याच व्यवस्थेत वाढला. हा अधिकार प्राधिकरणाकडे परत जावा, आणि सुनावणी मुंबईत न होता तेल्हाऱ्यात आणि बाळापुरात व्हावी, असं माझं मत आहे. अकोट आणि बाळापूरच्या आमदारांनी, मग ते कोणत्याही बाकावरचे असोत, विधानसभेत एवढी एक दुरुस्ती मिळून मागावी.

पुढील आठवड्यात : जिल्हा परिषदेचा पैसा येतो कुठून आणि अडतो कुठे.