वर्धेच्या अलीकडचे ठाणे

चंद्रपूरहून वणीकडे निघाले की वर्धा नदी ओलांडण्याआधी घुग्घुस लागते. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. ही हद्द जुनी आहे. नागपूरचे भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा होऊन चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, इंग्रजांच्या हाती गेले, तेव्हा पलीकडचा वणीचा मुलूख वऱ्हाडात होता, म्हणजे कागदोपत्री निजामाचा. दक्षिणेला राजुरा तर सरळ हैदराबाद संस्थानात. तो चांद्याला जोडला गेला 1959 मध्ये. गुन्हा करून नदी उतरणाऱ्याची सोयच होती म्हणायची.

आजच्या जिल्हा पोलिसांची चौकट 1861 च्या पोलीस कायद्याने घातली. नमुना आयर्लंडच्या पोलीस दलाचा; तो सिंधचा गव्हर्नर नेपियर याने 1843 नंतर तिथे आधी वापरून पाहिला. लष्करी शिस्त, जिल्ह्याला एक अधीक्षक आणि त्याच्यावर जिल्हाधिकाऱ्याचा वचक. इंग्रजांविरुद्ध उठलेले गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या तुरुंगात 1858 मध्ये फाशी दिली, त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. गुन्ह्याच्या तपासापेक्षा मुलूख शांत ठेवण्याची काळजी सरकारला जास्त होती, हे वेगळे सांगायला नको.

खेड्यात मात्र शिपाई क्वचितच दिसे. गावची जबाबदारी मुकद्दमाची आणि ठाण्यापर्यंत पायपीट कोतवालाची. चोरी, खून, जन्म, मृत्यू, सगळ्याची वर्दी त्यानेच द्यायची. 1967 च्या ग्रामपोलीस कायद्याने पोलीस पाटील आला. गंमत अशी, की ठाण्याचे कान-डोळे समजल्या जाणाऱ्या या माणसाची नेमणूक पोलीस करत नाहीत. ती महसूल खात्याचा उपविभागीय अधिकारी करतो.

वरची उतरंड सरळ आहे. जिल्ह्याला पोलीस अधीक्षक, मग उपविभागीय पोलीस अधिकारी, मग ठाणे, आणि ठाण्याखाली बीट. विदर्भात ठाण्याच्या प्रमुखाला लोक आजही ठाणेदारच म्हणतात.

खेड्यापाड्यांच्या जिल्ह्यासाठी बेतलेला हा अंगरखा घुग्घुसला केव्हाच आखूड झाला. 2011 च्या जनगणनेत गावची लोकसंख्या 32 हजारांवर गेली होती, तरी त्यानंतरही कितीतरी वर्षे इथे ग्रामपंचायतच होती. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या) कोळसा खाणी, सिमेंटचा कारखाना, स्पंज आयर्नचा कारखाना, मालगाड्यांची सायडिंग, आणि कामासाठी तेलंगणापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची माणसे. फिर्याद मराठीत लिहायची असली तरी ऐकावी लागते हिंदीत, नाहीतर तेलुगूत.

कोळसाचोरी आणि भंगारचोरी तर आहेच, पण ठाण्याचा खरा कस लागतो रस्त्यावर. कोळशाच्या ट्रकने दुचाकीस्वाराला उडवले की 112 ची गाडी पोहोचेपर्यंत गर्दी जमलेली असते. ट्रक फोडला जाऊ नये, चालकाला मार बसू नये आणि वाहतूक सुटावी, हे सगळे एकाच वेळी. नातेवाईक म्हणतात, मोबदला ठरल्याशिवाय प्रेत उचलू देणार नाही. ठरवायचे कंपनीने किंवा वाहतूकदाराने, पण तोवर उन्हात उभे राहून दोन्हीकडची बोलणी करायची ती ठाणेदाराने. पंचनामा, शवविच्छेदन, गुन्हा नोंदवणे हे त्यानंतर. ही मध्यस्थी कायद्याच्या कुठल्या कलमात बसते, हे विचारण्यात अर्थ नाही.

1 एप्रिल 2015 ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी आली आणि नदीची हद्द पुन्हा जागी झाली. यवतमाळात दारू खुली, अलीकडे बंद, मधे एक पूल. बंदी उठवण्याचा निर्णय मे 2021 मध्ये झाला. तोवर जिल्ह्याच्या पोलिसांचे किती मनुष्यबळ नाकाबंदीत आणि मुद्देमाल मोजण्यात गेले, याचा हिशेब मांडायला हवा होता.

ठाण्याचे काम गुन्ह्यांपुरतेही राहत नाही. 26 ऑगस्ट 2022 ला तर घुग्घुसच्या आमराई वॉर्डात अख्खे घर जमिनीत गेले. घरचे लोक वेळीच बाहेर पडले म्हणून वाचले. खाली जुनी भूमिगत खाण असल्याचे सांगण्यात आले. आसपासची घरे रिकामी करावी लागली. भरल्या घरातून भांडीकुंडी घेऊन निघा, असे लोकांना सांगायची वेळ आली की महसूल आणि खाणीच्या अधिकाऱ्यांबरोबर खाकी वर्दी लागतेच.

अलीकडे इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यात सुरजागडचे लोहखनिज येते. सुरजागड गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात. गडचिरोली 1982 मध्ये चांद्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि 1990 मध्ये तिथे नक्षलवाद्यांशी लढायला सी-60 हे पोलीस पथक उभे राहिले. डिसेंबर 2016 मध्ये सुरजागडच्या खाणीवर नक्षलवाद्यांनी डझनावारी ट्रक जाळले. तिथल्या पोलिसाला खनिजाच्या ट्रकसाठी भूसुरुंगाची धास्ती वर्षानुवर्षे राहिली. तोच ट्रक जिल्ह्याची हद्द ओलांडून इकडे आला की पोलीस बघतो तो वेग, वजन आणि चालकाचा परवाना.