एकच कातळ, दोन प्रश्न

तळेगाव दाभाडे ते लोणावळा या पट्ट्यात जमिनीखाली लागणारा काळा कातळ म्हणजे दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट. भूविज्ञानाच्या दोन शाखा त्याला दोन वेगळे प्रश्न विचारतात.

भौतिक भूविज्ञान : हे कसे घडते?
● खडक कशाचा बनला, लाव्हा कसा थिजला, ऊन-पाऊस त्याला कसे झिजवतात, याचा अभ्यास.
● लाव्हा थिजताना वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांत झिओलाइटचे स्फटिक वाढले.
● पावसाळ्यात बोरघाटात कोसळणाऱ्या दरडी हाही याच शाखेचा विषय.

ऐतिहासिक भूविज्ञान : हे केव्हा, कोणत्या क्रमाने घडले?
● थर उलटेपालटे झालेले नसतील, तर खालचा थर आधीचा.
● सह्याद्रीतील लाव्हाथरांच्या एका गटाचे नावच ‘लोणावळा उपगट’ आहे. त्यात खाली ‘खंडाळा’ आणि वर ‘बुशे’ हे शैलसमूह येतात.
● दोन थरांमधला लाल मातकट पट्टा ही अनेकदा दोन उद्रेकांमधल्या विश्रांतीची खूण असते.
● किरणोत्सारी कालमापनानुसार यातला बहुतेक लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर नामशेष झाले त्या सुमारास वाहिला.

दोहोंचा सांधा : आज लाव्हा कसा वाहतो हे कळले, तरच जुन्या थरांचा अर्थ लागतो. म्हणून अभ्यासक्रमात बहुधा भौतिक भाग आधी येतो.

कुठे पाहाल? कार्ले आणि भाजे येथील लेणी याच बेसाल्टात कोरली आहेत. तिथे जाल तेव्हा शिल्पांइतकेच कड्यातल्या थरांकडेही लक्ष द्या आणि ते खालून वर वाचा.