पावतीवर ‘अनामत’ लिहून घ्या

सकाळी ९:३०
ग्राहक मार्गदर्शन केंद्राचं कुलूप काढतानाच एक काका येऊन थांबलेले. काकू आजारी पडल्यावर दोघं पुण्याजवळच्या एका सशुल्क वृद्ध निवासात राहायला गेले. काकू तिथेच वारल्या. काका लेकीकडे परतले, पण भरलेले अडीच लाख अडकले. ‘खोलीच्या दुरुस्तीत गेले’, एवढंच तोंडी उत्तर.
“बिल मागितलंत का?”
“कसं मागू, ताई? तिचं शेवटचं आजारपण त्यांनीच काढलं.”
या उपकाराच्या भावनेपोटी किती पैसे बुडतात, ते इथे बसल्यावर कळतं.

१०:३०
काकांची फाइल उघडली. करारनामा इंग्रजीत, काकांना वाचता न येणारा, तरी पानोपानी त्यांच्या सह्या. पावत्या दोन: दीड लाखाच्या पावतीवर ‘अनामत’, एक लाखाच्या पावतीवर ‘देणगी’. एकाच दिवशी, एकाच टेबलावर भरलेले पैसे! ही देणगी ऐच्छिक होती का, असं ग्राहक आयोगापुढे विचारता येतं.

१२:००
अमेरिकेतून एका मुलाचा फोन. “पैसे मी भरतो, राहते आई. तक्रार कोणी करायची?” दोघांपैकी कोणीही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे भरणारा ग्राहक आणि त्याच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्तीही ग्राहक. फुकट सेवा या कायद्यात येत नाही. मोबदला घेणारी येते, चालवणारा ट्रस्ट असो की कंपनी.

दुपारी ३:००
एका निवासात आजींना भेटले. त्यांनी आधी दार लोटायला सांगितलं, मग उशाखालून छोटी वही काढली. कापऱ्या अक्षरात नोंदी: ‘रात्री २:१०, बेल दाबली. ३:०० पर्यंत कोणी नाही.’ महिन्याच्या बिलात मात्र रात्रीच्या मदतनीसाचे पैसे नेमाने लावलेले. “माझं नाव नका हो घेऊ. मला इथंच राहायचंय.” त्यांची भीती खरी आहे. म्हणून आजींचा विषय न काढता, रात्रपाळीच्या हजेरीची नक्कल आणि बाबवार बिल त्यांच्या मुलाने मागायचं ठरलं. वहीच्या पानांचे फोटो त्यांच्या परवानगीने घेतले.

५:००
काकांची नोटीस स्पीड पोस्टाने गेली. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं, तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, ‘ई-जागृती’ पोर्टलवर घरबसल्या अर्ज भरता येतो. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं.

६:३०
केंद्र बंद करताना वाचकांना एक कळकळीची विनंती. आईवडिलांना अशा ठिकाणी ठेवताना करारनामा आधी घरी आणा आणि त्यांना समजेल अशा भाषेत वाचून दाखवा. अनामत किती दिवसांत परत मिळेल, त्यातून काय कापलं जाईल, हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, ज्येष्ठांसाठी १४५६७. हे दोन्ही नंबर आजच आईबाबांच्या फोनमध्ये टाकून द्या.