अल्पमत सरकार

संसदीय शासनपद्धतीत कनिष्ठ सभागृहातील निम्म्याहून कमी जागा असलेल्या पक्षाने वा आघाडीने स्थापन केलेले सरकार. संविधानाच्या १६४ व्या अनुच्छेदानुसार मुख्यमंत्र्याची नियुक्ती राज्यपाल करतो व मंत्रिमंडळ विधानसभेस सामुदायिक रीत्या जबाबदार असते. शपथविधीपूर्वीच बहुमत दाखविण्याची अट तेथे नाही; ते सभागृहातच अजमावावे, हे तत्त्व बोम्मई खटल्यात (१९९४) प्रस्थापित झाले. विरोधकांपैकी काही तटस्थ राहिले किंवा त्यांनी बाहेरून पाठिंबा दिला, तर असे सरकार तगते. सर्वांत मोठा पक्ष तो विजयी पक्ष, हा मतदारांचा सर्वसाधारण समज मात्र अपुरा आहे.

महाराष्ट्रात २०१४ साली चार प्रमुख पक्ष स्वतंत्रपणे लढले. २८८ पैकी १२२ जागा मिळालेल्या भारतीय जनता पक्षाचे देवेंद्र फडणवीस ३१ ऑक्टोबर रोजी मुख्यमंत्री झाले. राष्ट्रवादी काँग्रेसने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. १२ नोव्हेंबर रोजी विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने संमत झाला. साहजिकच कोणत्या सदस्याने कोणता कौल दिला, याची नोंद उरली नाही. मतदाराच्या दृष्टीने ही उणीव लहान नव्हे.

हिंगोली जिल्ह्यात त्या निवडणुकीत हिंगोलीतून भारतीय जनता पक्षाचा, वसमतमधून शिवसेनेचा व कळमनुरीतून काँग्रेसचा उमेदवार निवडून आला होता. शिवसेना प्रथम विरोधी बाकांवर बसली व ५ डिसेंबर रोजी सत्तेत सहभागी झाली. वसमतच्या मतदारांचा प्रतिनिधी अशा रीतीने चार आठवड्यांच्या आत सत्ताधारी पक्षात गणला गेला. त्यासाठी त्यांना पुन्हा मतदान करावे लागले नाही.