उचल-छताची मुक्कामी गाडी आणि वादळवारा

बुऱ्हाणपूरच्या केळी बागायतदारास वाऱ्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. मृगापूर्वीच्या दिवसांत दुपारभर हवा कोंडून राहते, पुढे क्षितिजावर धुळीची भिंत उभी राहते आणि घटकाभरात निसवलेली बाग आडवी होते. घडाचे ओझे वर आणि खांब मऊ, ही केळीची अडचण होय. छत वर उचललेली मुक्कामी गाडी, म्हणजे कॅम्परव्हॅन, वाऱ्यापुढे अशीच दुबळी असते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. अशा गाडीतून असीरगड पाहावयास आलेल्या कुटुंबाने रात्रीपुरती जागा विचारल्यास सरपंचांनी अथवा गुरुजींनी काय सांगावे, याचा विचार येथे केला आहे.

या गाडीचे छत बहुधा एका टोकास बिजागरीवर बसविलेले असून दुसरे टोक दट्ट्यांच्या आधारे वर उचलले जाते. मधल्या मोकळ्या जागेत जाड कापडाच्या भिंती असतात व वरच्या फळीवर दोघे झोपू शकतात. छत मिटलेले असताना गाडी भक्कम असते. उघडताच तिला जणू शीड लागते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३० किलोमीटर वाऱ्याचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे साडेचार किलोग्रॅम भरतो, तर ६० किलोमीटरला सतरांहून अधिक. दोन मीटर लांब व पाऊण मीटर उंच कापडावर हा भार सुमारे २६ किलोग्रॅम होतो, आणि तोही झोताझोताने. कापड फाटणे, दट्टे वाकणे, बिजागरी उखडणे हे त्यातून घडते.

बिजागरीकडील ठेंगणी बाजू वाऱ्याकडे करून गाडी उभी करावी, असे सांगितले जाते. एकाच दिशेने वाहणाऱ्या वाऱ्यास हा उपाय ठीक आहे. वळवाच्या वादळात मात्र त्यावर विसंबू नये. ढगातून खाली कोसळणारी थंड हवा जमिनीवर चोहोकडे पसरते, त्यामुळे पश्चिमेचा वारा क्षणात पूर्वेचा होतो. अशा वेळी छत आधीच उतरविणे हाच उपाय. पाने असलेली लहान झाडे डोलू लागली म्हणजे वेग ताशी ३० ते ४० किलोमीटर झाला असे समजावे व छत मिटावे. तारा शिट्टी घालू लागेपर्यंत थांबल्यास ते उतरविणेही कठीण जाते. गाडीच्या पुस्तिकेत याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळावी. आभाळ भरलेले असल्यास मुलांना वर झोपवूच नये. वादळ झोप मोडण्याची वाट पाहत नाही.

उतरविताना प्रथम बाहेरचे कापडी छप्पर गुंडाळावे. आतील हवा निघून जाण्यासाठी वाऱ्याच्या आडोशाचे एक दार उघडे ठेवावे, वाऱ्याकडील दारे मात्र बंद असावीत. कापड आत ओढून घ्यावे, कडेत चिमटू देऊ नये आणि खिट्ट्या नीट लागल्याची हाताने खात्री करावी.

जागा दाखविताना गडाची उघडी माथी टाळावी. जुन्या आंब्याखाली सावली असते, पण फांदीही असते. पत्र्याच्या गोठ्याजवळ किंवा विजेच्या तारांखालीही गाडी नको. तापीचे पात्र कोरडे दिसले तरी तेथे मुक्काम करू देऊ नये. बागेभोवती शेवरीचे जिवंत कुंपण असते, त्याचा आडोसा दगडी भिंतीहून चांगला. भिंतीमागे वारा भोवरे घेतो, कुंपणातून तो गाळून येतो.

विजा जवळ कडाडू लागल्यास आणखी एक अडचण असते. हे छत पुष्कळदा फायबरचे असल्याने सबंध धातूच्या टपाच्या मोटारीइतके संरक्षण देत नाही. प्रवाशांना शाळेच्या अथवा पंचायतीच्या पक्क्या इमारतीत बोलावून घ्यावे; किल्ली कोणाजवळ असते, हे त्यांना संध्याकाळीच सांगून ठेवावे.