'इव्हँजेलियन'चा शेवट : अभिनंदन की किळस?

'नियॉन जेनेसिस इव्हँजेलियन' ही जपानी ॲनिमे मालिका ज्याने पाहून संपवली, त्याच्या तोंडी पहिला प्रश्न ठरलेला असतो : शेवटी नेमके झाले काय? ४ ऑक्टोबर १९९५ ते २७ मार्च १९९६ या काळात टीव्ही टोकियोवर तिचे २६ भाग दाखवले गेले. पुढे १९ जुलै १९९७ रोजी 'द एंड ऑफ इव्हँजेलियन' हा चित्रपट आला आणि त्याने त्याच कथेचा दुसराच शेवट समोर ठेवला. एका शेवटात सगळे टाळ्या वाजवून नायकाचे अभिनंदन करतात. दुसऱ्या शेवटात लाल समुद्राच्या काठी दोनच माणसे उरतात, मुलगा मुलीचा गळा आवळतो आणि ती किळस वाटल्याचे बोलते. मग खरा शेवट कोणता?

२०१९ मध्ये ही मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि आपल्याकडच्या तरुणांनाही ती सहज पाहता येऊ लागली. पण शेवटाबद्दलची चर्चा बहुतेक वेळा 'भारी' किंवा 'बकवास' या दोन शब्दांतच संपते. आम्हाला वाटते की हा शेवट समजून घेण्यासारखा आहे. कारण त्यातला प्रश्न रोबोटच्या लढाईचा नाही. माणसांमधले अंतर मिटवायचे असेल, तर माणसेच मिटवायची का, असा तो प्रश्न आहे. पुढे कथेचा सगळा उलगडा येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

कथा थोडक्यात

मालिकेतल्या जगात २००० साली 'सेकंड इम्पॅक्ट' नावाचा महाविध्वंस होतो आणि अर्धी मानवजात मरते. २०१५ मध्ये 'एंजल' नावाचे महाकाय जीव एकामागून एक हल्ले करू लागतात. त्यांच्याशी लढायला 'नर्व्ह' ही संस्था 'इव्हा' नावाची प्रचंड यंत्रे उभी करते. ही यंत्रे चालवतात चौदा वर्षांची मुले. शिंजी इकारी हा त्यांतलाच एक. आई लहानपणी गेलेली. वडील गेंडो हे नर्व्हचे प्रमुख. त्यांनी मुलाला वर्षानुवर्षे दूर ठेवले आणि गरज पडली तेव्हा बोलावून थेट इव्हामध्ये बसवले. त्याच्या सोबतीला शांत, अबोल रेई आहे आणि जिंकल्याशिवाय आपल्याला किंमत नाही असे मानणारी असुका आहे. ही मुले ज्यांच्या देखरेखीखाली लढतात, त्या मिसातोच्याच घरी शिंजी आणि पुढे असुकाही राहते.

या सगळ्यामागे 'झेले' नावाची गुप्त समिती आहे. तिची खरी योजना एंजलना हरवण्याची नाही, तर 'मानव परिपूर्ती योजना' राबवण्याची आहे. प्रत्येक माणसात काहीतरी उणे आहे, त्यातून एकटेपणा, भीती आणि भांडणे येतात. म्हणून सगळ्यांची शरीरे विरघळवून सगळी मने एकत्र करायची. मग कोणीच परका नाही आणि कोणालाच दुःख नाही.

इथे एक संज्ञा समजून घेतली पाहिजे : 'एटी फील्ड'. सुरुवातीला ती एंजल आणि इव्हा यांची अदृश्य ढाल वाटते. पण २४व्या भागात कावोरू हा मुलगा शिंजीला सांगतो की ती प्रत्येकाकडे असते, ती मनाची भिंत आहे. याच भिंतीमुळे मी 'मी' असतो आणि तुम्ही 'तुम्ही'. भिंत पडली की माणूस नारिंगी द्रवात विरघळतो. चौथ्या भागाच्या नावातच शोपेनहॉवर या जर्मन तत्त्वज्ञाच्या साळिंदरांच्या दृष्टांताचा संदर्भ आहे : थंडीत साळिंदरे ऊब मिळावी म्हणून जवळ येतात, पण जवळ आली की एकमेकांचे काटे टोचतात. म्हणजे शेवटाची गुरुकिल्ली मालिकेने चौथ्याच भागात हातात ठेवली होती.

पहिला शेवट : टाळ्या

२५वा आणि २६वा भाग पाहताना प्रेक्षक गोंधळतो, कारण लढाई अचानक गायब होते. अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसलेला शिंजी, पडद्यावर उमटणारे प्रश्न, जुनी दृश्ये, पेन्सिलची कच्ची चित्रे आणि संहितेची पानेसुद्धा दिसतात. २६व्या भागाच्या आरंभी मालिका स्वतःच सांगते की सगळ्यांची कथा सांगायला वेळ पुरणार नाही, म्हणून आता शिंजी या एका मुलाच्या मनाची गोष्ट सांगतो.

या भागातले एक दृश्य नीट पाहा. शिंजी कोऱ्या पांढऱ्या अवकाशात तरंगत असतो. काहीच नाही, म्हणून पूर्ण स्वातंत्र्य आहे, पण त्याला काही करताही येत नाही. मग खाली एक आडवी रेघ ओढली जाते. जमीन झाली. एक स्वातंत्र्य कमी झाले, पण आता तो उभा राहू शकतो, चालू शकतो. पुढे त्याला उमगते की दुसरी माणसे आहेत म्हणूनच त्याला स्वतःचा आकार आहे. आपण इथे असलो तर चालेल, असे त्याला प्रथमच वाटते. भोवतीचे कवच फुटते आणि आई-वडिलांसह सगळे टाळ्या वाजवत त्याचे अभिनंदन करतात.

दुसरा शेवट : किनारा

चित्रपटात तोच काळ बाहेरून दिसतो. झेले नर्व्हवर सैन्य पाठवते. मिसातो मरते. असुका एकटीच नऊ इव्हांशी लढते आणि तिच्या इव्हाच्या चिंधड्या उडतात. गेंडोला ही योजना वापरून मृत पत्नीला भेटायचे असते, पण ऐन क्षणी रेई त्याला नाकारते आणि निर्णय शिंजीच्या हाती देते. पार खचलेला शिंजी म्हणतो, सगळे संपून जाऊ दे. जगभरातली माणसे विरघळतात.

पण त्या एक झालेल्या समुद्रात शिंजीला कळते की इथे कोणी दुखावत नाही, कारण इथे कोणीच नाही. तो परत जाण्याचा निर्णय घेतो. पुन्हा भिंती उभ्या राहतील, पुन्हा लोक आपल्याला टाकतील, हे त्याला माहीत असते. तरी तो जातो. शेवटच्या दृश्यात तो आणि बँडेज बांधलेली असुका किनाऱ्यावर पडलेले असतात. तो तिचा गळा आवळतो. ती हात उचलून त्याच्या गालावरून फिरवते. तो थांबतो, रडू लागतो. ती दोनच शब्द बोलते, 'किमोची वारुइ', म्हणजे किळस येते, मळमळते. तिथेच चित्रपट संपतो. श्रेयनामावली मध्येच येऊन गेलेली असते, त्यामुळे सावरायला एक क्षणही मिळत नाही.

दोन शेवट की एकच?

आमच्या मते हे दोन वेगळे शेवट नाहीत. एकाच घटनेच्या या दोन बाजू आहेत, आतली आणि बाहेरची. याला पुरावा मालिकेतच आहे. २५व्या भागात मिसातो रक्ताच्या थारोळ्यात पडलेली आणि रित्सुको ही शास्त्रज्ञ पाण्यात निष्प्राण तरंगणारी, अशी चित्रे क्षणभर दिसतात. या दोघींचे मृत्यू प्रत्यक्ष कसे झाले, हे पुढे चित्रपटात दाखवले आहे. शिवाय चित्रपटाच्या दोन भागांना २५ आणि २६ हेच क्रमांक आहेत.

आतला निर्णयही दोन्हीकडे सारखाच आहे : मी वेगळा माणूस म्हणून, इतरांसोबत जगेन. फरक कुठे आहे? मालिका निर्णयापाशी थांबते आणि त्याचे अभिनंदन करते. चित्रपट निर्णयानंतरचे पहिले काही क्षण दाखवतो. जगायचे ठरवले म्हणून जग लगेच सोपे होत नाही, हे तो सांगतो.

यावर आक्षेप असा येतो की पैसा आणि वेळ अपुरा पडला, म्हणून शेवटचे भाग तसे झाले, त्यात अर्थ कसला शोधता? निर्मितीच्या वेळापत्रकाची ओढाताण होती, हे खरेच. पण टंचाई असली म्हणून अर्थ नसतो, असे नाही. कमी साधनांत काय सांगायचे, हेही कलाकारालाच निवडावे लागते. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी मालिका सुरू होण्याआधी लिहिले होते की त्याआधीची चार वर्षे त्यांना काहीच करता आले नव्हते. त्या नैराश्यातून उठलेल्या माणसाने शेवटी यंत्रांची लढाई बाजूला ठेवून एका मुलाचे मन दाखवावे, यात आम्हाला विसंगती दिसत नाही.

किनाऱ्यावरच्या प्रसंगाचे काय?

या प्रसंगाला गोंडस करून सांगण्याची सवय आपण सोडली पाहिजे. गळा आवळणे ही हिंसा आहे. ती प्रेमाची खूण नाही. चित्रपटात याआधी मनातल्या एका दृश्यात शिंजी स्वयंपाकघरात असुकाकडे मदत मागतो, ती नकार देते आणि तो तिचा गळा धरतो. किनाऱ्यावर तेच पुन्हा घडते. म्हणजे जगात परतूनही तो जुन्या भीतीपाशीच आहे. दुसरा माणूस खरोखर समोर आला की त्याला तो सोसवत नाही.

बदल होतो तो असुकाच्या हातामुळे. तिचा स्पर्श क्षमा आहे, दया आहे की आणखी काही, हे चित्रपट सांगत नाही. पण पुढच्या दोन शब्दांनी ती एक गोष्ट स्पष्ट करते : ती त्याच्या मनातली बाहुली नाही. एक झालेल्या समुद्रात त्याला हवे तेच उत्तर मिळाले असते. इथे मिळाले ते दुसऱ्या माणसाचे स्वतःचे उत्तर, बोचणारे आणि त्याला नको असलेले. शेवटचा शब्द दुखावणाऱ्याचा नाही, जिला दुखावले तिचा आहे. आमच्या लेखी या शेवटातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. तिची किळस हाच पुरावा आहे की भिंती परत आल्या आणि माणसे परत आली.

इतर लोक परततील का? चित्रपट दार उघडे ठेवतो. ज्याच्या मनात जगण्याची इच्छा आहे आणि जो स्वतःला स्वतःच्या रूपात पाहू शकतो, तो परत येऊ शकतो, असा दिलासा त्यात आहे. असुका परत आली आहे, म्हणजे हे शक्य आहे. किती जण येतील, हे सांगितलेले नाही.

हे निब्बान आहे का?

काही तरुण उत्साहाने म्हणतात की 'मी' विरघळला, दुःख संपले, म्हणजे हे निब्बानच झाले. ही घाई नको. मालिकेतली चिन्हे बहुतांशी ख्रिस्ती आणि ज्यू परंपरेतून घेतलेली आहेत : क्रॉस, ॲडम, लिलिथ, जीवनवृक्ष. सहायक दिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी तर पुढे सांगितले की ख्रिस्ती चिन्हे वेगळी आणि लक्षवेधी दिसतात म्हणून वापरली. त्यामुळे या मालिकेला कोणत्याही धर्माचा शिक्का मारणे बरोबर नाही.

शिवाय फरक मुळात आहे. बुद्धांनी उच्छेदवादही नाकारला आणि शाश्वतवादही. तृष्णेचा क्षय ही ज्याची त्याने जाणतेपणी करायची साधना आहे. एका बंद खोलीतल्या समितीने, कोणालाही न विचारता, सगळ्या मानवजातीला एका दिवसात विरघळवणे म्हणजे मुक्ती नव्हे. झेलेच्या योजनेत ना शील आहे, ना करुणा. आहे ती फक्त माणसाच्या वेगळेपणाची भीती.

आपल्यासाठी काय?

एकी आणि एकजिनसीपणा यांत फरक आहे. एकीत माणसे वेगळी राहून एकमेकांजवळ येतात. एकजिनसीपणात वेगळेपणच दोष ठरतो. 'सगळे एक झाले की प्रश्नच उरणार नाहीत' असे कोणी सांगितले, तर आपण विचारायला हवे : कोणाच्या आकारात एक व्हायचे? ठरवणार कोण? ज्यांना विरघळायचे नाही त्यांचे काय? ही मालिका हा प्रश्न घरातल्या नात्यापासून साऱ्या मानवजातीपर्यंत नेते. संघटनेत काम करणाऱ्याला तो रोज भेटतो. मतभेद झाला की समोरच्याला गप्प करणे सोपे असते. त्याचे काटे सोसत जवळ बसणे अवघड असते.

दुसरी गोष्ट एकटेपणाची. शिंजीसारखे स्वतःला कवडीमोल समजणारे तरुण आपल्या घरात, वस्तीत, वसतिगृहात आहेत. त्यांना मालिकेचा पहिला शेवट सांगतो की तू इथे असलास तर चालेल. दुसरा शेवट सांगतो की एवढ्याने सगळे बरे होणार नाही, आणि आपल्या वेदनेचा भार दुसऱ्याच्या गळ्यावर टाकता येणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लागतात. मन फारच अंधारले असेल, तर जवळच्या माणसाशी आणि डॉक्टरांशी बोलणे हीसुद्धा भिंतीतली खिडकी उघडणेच आहे.

आन्नो यांनी ही कथा २००७ पासून चार चित्रपटांत पुन्हा सांगितली. २०२१ च्या अखेरच्या चित्रपटाच्या शेवटी मोठा झालेला शिंजी रेल्वे स्थानकातून धावत बाहेर पडतो आणि चित्रांच्या जगाऐवजी आन्नो यांचे उबे हे खरेखुरे गाव पडद्यावर दिसते. जुन्या शेवटाची धग तिथे शमलेली आहे. पण हा निरोप ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने आधी त्या लाल किनाऱ्यावर थोडा वेळ थांबावे. टाळ्या आणि किळस यांपैकी एकच निवडायचे, असा हट्ट तिथे सोडून द्यावा.